तरंगणारा अंतराळवीर

ताई,
वय बावन्न, नोकरी बरी, आणि छंद प्लॅस्टिकचे अंतराळवीर जमवायचा. १९५० ते १९८० च्या मधली खेळणी: रॉकेटं, चांद्रगाड्या, हेल्मेटवाले गडी. सहा वर्षांत दीडशेच्या आसपास नग झालेत. सुरुवात झाली ती लहानपणी आत्याने दिलेल्या सहा हिरव्या अंतराळवीरांपासून. आमच्या संग्राहकांच्या गटात एक ज्येष्ठ आहेत. त्यांनी ते सहा बघितले आणि म्हणाले, "ही हाँगकाँगची नक्कल. कचरा आहे. संग्रहात ठेवलात तर बाकीच्यांचीही किंमत जाईल." तेव्हापासून ते सहाजण कपाटात मागे पडलेत आणि मला तिकडे बघवत नाही.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. दोन वर्षांपूर्वी मी ऑनलाइन पाच अंतराळवीर 'आर्चर कंपनीचे, १९५० च्या दशकातले' म्हणून घेतले, चांगली मोठी रक्कम मोजून. त्यातला एक गटातल्या एका तरुण मुलाला अस्सल म्हणूनच विकला. मागच्या महिन्यात उरलेले चार धुवायला पाण्यात टाकले, तर चारही तरंगले. नंतर वाचनात आलं की ते बुडायला हवे होते. त्या मुलाने त्याचा गडी काचेच्या पेटीत ठेवलाय, अधूनमधून फोटो पाठवतो. त्याला सांगू का?

तिसरं, माझ्याकडचे काही मऊ बाहुले चिकट व्हायला लागलेत. आणि चौथं, बायको विचारते, "हे कुठवर?" तिला काय सांगू?
— हेल्मेट हरवलेला

अहो हेल्मेट हरवलेले,

आधी त्या मुलाचं. पत्रात तुम्ही त्याला दुसऱ्या नंबरवर ठेवलंय, पण पत्र लिहायला बसलात ते त्याच्यामुळेच, हे 'फोटो पाठवतो' या दोन शब्दांत दिसलं. सांगा. कसं सांगायचं ते शेवटी बघू, कारण त्याआधी नक्की काय सांगायचंय ते ठरलं पाहिजे. 'तरंगला' एवढ्या साक्षीवर कोणाला दोषी ठरवता येत नाही, विक्रेत्यालाही नाही आणि तुम्हालाही नाही.

आर्चरचे गडी अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला निघाले, स्पुटनिक आकाशात जाण्याच्या कितीतरी आधी. म्हणजे त्यांचे पोशाख, नळ्या, बंदुका हे सगळं कोणा चित्रकाराच्या डोक्यातून आलेलं. खरा अंतराळवीर तेव्हा कोणी बघितलाच नव्हता. प्लॅस्टिक कडक, ठिसूळ, बऱ्याच रंगांत धातूसारखी झाक असलेलं, आणि काहींना डोक्यावरून काढता येणारं हेल्मेट. (ती हेल्मेटं हरवण्यासाठीच बनवली होती की काय, अशी शंका यावी इतकी हरवलेली असतात. तुमचं टोपणनाव वाचून आधी हसले, मग वाईट वाटलं.)

हे कडक प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. त्याची घनता साधारण १.०५, पाण्याहून जेमतेम जास्त, म्हणून ते हळूहळू, जरा नाखुशीनेच तळाशी जातं. स्वस्त नकला बहुतेक पॉलिथीनच्या. त्याची घनता ०.९२ ते ०.९६, त्यामुळे दाबून धरलं तरी हात काढल्याबरोबर वर येतं. तुमची चाचणी म्हणजे चूक नव्हती. पण एक खोट राहिलेली असू शकते. काखेत, बंदुकीच्या खाली, हेल्मेटच्या कडेला हवेचे बुडबुडे अडकतात आणि बुडणारा गडीसुद्धा काही वेळ वर राहतो. म्हणून चाचणी पुन्हा करा. कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, गडी पाण्याखाली धरून ओल्या बोटाने सगळीकडून पुसा, बुडबुडे सोडवा, मग हात काढा. रंगवलेले किंवा स्टिकर लावलेले नग मात्र या भानगडीत घालू नका.

पाण्याशिवायही दोन साक्षी मिळतात. टेबलावर बोटभर उंचीवरून पडू द्या. पॉलिस्टायरीन 'टक्' असं कोरडं, टणक वाजतं, पॉलिथीन 'थप' करून गप्प बसतं. आणि तळव्यावर, जिथे कोणी बघणार नाही तिथे, नखाची कड हलकेच दाबा. पॉलिथीनवर चरा उमटतो, पॉलिस्टायरीनवर नख घसरतं. तिन्ही साक्षी एकाच बाजूला गेल्या तर निकाल लागला.

आता तिसरी शक्यता, जी विक्रेते सोयीने विसरतात. जुने साचे मरत नाहीत. आर्चरच्या गड्यांच्या आवृत्त्या पुढे बऱ्याच वर्षांनी ग्लेन्को मॉडेल्सने पुन्हा काढल्या. लुई मार्क्सची खेळण्यांची कंपनी १९८० च्या सुमारास बुडाली आणि तिचे साचे विकले गेले. त्यातल्या कितीतरी साच्यांतून पुढे दुसऱ्यांनी माल काढला. अशा नगात चेहरा, घड्या, बोटं सगळं मुळाबरहुकूम असतं, कारण साचा तोच असतो. बदललेलं असतं ते प्लॅस्टिक, रंग आणि साल. त्याला नक्कलही म्हणता येत नाही आणि मूळही. आमच्यात 'रीइश्यू' म्हणतात. ठीक शब्द आहे.

आणि इथेच त्या तुमच्या ज्येष्ठांशी माझं वाजतं.

त्यांनी 'हाँगकाँग' आणि 'कचरा' हे दोन शब्द एका श्वासात घेतले. सवय आहे आपल्या पिढीची. पण तपासून बघा. १९६७ च्या सुमारास सेंच्युरी २१ या कंपनीने काढलेली प्रोजेक्ट सोर्ड ही खेळण्यांची मालिका, ट्राय-अँग कंपनीची स्पेसेक्स ही मालिका, यांच्यावर आज ब्रिटनमधले संग्राहक जीव टाकतात. बनली कुठे? हाँगकाँगमध्ये. केनर कंपनीच्या 'स्टार वॉर्स'च्या पावणेचार इंची बाहुल्या, ज्यांच्यापायी लोकांनी घरं भरली, त्यांच्या पायावर काय ठोकलेलं असतं? कित्येकींच्या पायावर हाँगकाँगच. मूळ आणि नक्कल दोन्ही त्याच शहरात होत होत्या, कदाचित एकाच गल्लीत. मागे ब्रिटिश बाजारपेठेसाठी बनलेल्या बऱ्याच मालावर शहराचं नावसुद्धा नसायचं, 'एम्पायर मेड' एवढंच. तेव्हा तळव्यावरचं ठिकाण वाचून प्रतिष्ठा ठरवायची असेल तर त्या काकांनी आपलं निम्मं कपाट आधी रिकामं करावं.

हाँगकाँगला हे काम गेलं कसं, तेही थोडं सांगते, कारण त्यात तुमच्या हिरव्या सहांची कुंडली आहे. १९५१ मध्ये कोरियन युद्धामुळे चीनशी व्यापारावर निर्बंध आले आणि मालाची ने-आण करून जगणाऱ्या बंदराचा धंदा बसला. माणसं होती, चीनमधून आलेले कारागीर आणि भांडवलवाले होते, मग लोक वस्तू बनवायला लागले. प्लॅस्टिकची फुलं, कंगवे, खेळणी. इंजेक्शन मोल्डिंगचं, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबून भरायचं यंत्र छोट्या जागेत मावतं. महाग असतो तो साचा: पोलादात उलटा चेहरा कोरायचा म्हणजे कसबी माणसाचे कित्येक आठवडे. मग सोपा मार्ग कोणता? परदेशी दुकानातून एक गडी आणायचा आणि त्याच्यावरूनच साचा उतरवायचा. शिल्पकाराची मजुरी वाचली.

पण निसर्ग त्याची वसुली करतो. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात थंड होताना आक्रसतं. पॉलिस्टायरीन टक्क्याच्या आत, पॉलिथीन दोन टक्के किंवा त्याहूनही जास्त. मूळ गड्यावरून साचा उतरवला आणि पॉलिथीन ओतलं, तर ६० मिलिमीटरचा माणूस ५८.८ होतो. त्या नकलेवरून आणखी कोणी साचा उतरवला तर ५७.६ च्या आसपास. माझ्याकडे एकाच गड्याच्या अशा तीन पिढ्या आहेत. व्हर्नियर कॅलिपरने उंची मोजली की आजोबा, बाप, मुलगा अशी उतरंड लागते. पण आकड्यांपेक्षा मला त्यांचे उजवे हात आवडतात. आजोबांच्या हातात यंत्र आहे, त्यावर तीन बटणं आणि बटणावर टेकलेली तर्जनी. बापाच्या यंत्रावर बटणांच्या जागी एक लांबट फुगवटा आहे आणि बोटं एकमेकांना चिकटलीत. मुलाच्या हातात काय आहे ते मला पंधरा वर्षं कळलेलं नाही. इस्त्री असेल. पण त्याच्या पाठीवर कोणीतरी एक जास्तीचा पाइप लावलाय, जो आजोबांना नव्हता! साच्याची डागडुजी करताना कारागिराने एखादी भेग बुजवायला तो पाइप कोरला, की त्याला वाटलं या माणसाला हवा कमी पडेल, देव जाणे.

त्या पाइपमुळे मी नकला जमवायला लागले. मूळ गड्यात कंपनीने ठरवलेलं तेवढंच असतं. नकलेत ज्याने ती केली त्याचं न सांगितलेलं काहीतरी येतं: चुकीचा रंग, भलतंच डोकं, एका सेटचं धड आणि दुसऱ्याची गाडी. तुर्कस्तानात १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'उझाय' नावाने केनरच्या बाहुल्यांच्या विनापरवाना नकला निघाल्या. उझाय म्हणजे तुर्की भाषेत अंतराळ. बाहुली ज्यावर लावून विकतात त्या कार्डावरची चित्रं भलतीच, नावं भलतीच, रंग तर विचारूच नका. आज त्यातले काही नग मूळ केनरच्या नगांपेक्षा महाग जातात. आणि मग जे व्हायचं तेच झालं. बाजारात उझायचीही बनावट आली. नकलेची नक्कल, आणि अस्सल नक्कल म्हणून विकायला.

यातून माझ्यापुरता मी एक फरक करते. तुमच्या आत्याने दिलेले सहाजण नक्कल आहेत, बनावट नाहीत. नक्कल करणाऱ्याने मूळ कंपनीचं काम चोरलं, ते मी झाकत नाही. पण दुकानात तो माल स्वस्तातला म्हणूनच टांगलेला होता. तुमची आत्या फसली नव्हती, तिला सहा अंतराळवीर हवे होते आणि सहा मिळाले. बनावट म्हणजे आज कोणीतरी गेल्या वर्षी ओतलेलं प्लॅस्टिक चहापत्तीच्या पाण्यात बुडवून जुनं करतो आणि सालासकट विकतो. पहिल्यात लबाडी कारखानदारांच्या आपापसातली. दुसऱ्यात ती तुमच्या खिशाशी केलेली.

काकांच्या म्हणण्यात एक दाणा खरा आहे, तोही सांगते. संग्रह बघायला आलेल्याला कोणता मूळ, कोणता रीइश्यू, कोणती नक्कल हे कळलं नाही तर त्याचा सगळ्यांवरचाच विश्वास उडतो. पण त्यावर उपाय नकला टाकून देणं हा नाही, चिठ्ठी लावणं हा आहे. एक वही करा. प्रत्येक नगाला नंबर, कुठून घेतला, कधी, उंची किती, प्लॅस्टिक कोणतं, तळव्यावर काय लिहिलंय, आणि तुम्हाला काय वाटतं. 'वाटतं' आणि 'माहीत आहे' यांना वेगळे रकाने ठेवा. दीडशे नग म्हणजे पाच-सहा रविवारांचं काम. चिठ्ठी नगावर मात्र चिकटवू नका. चिकटपट्टीचा गोंद प्लॅस्टिकमध्ये मुरतो.

तळव्यावरच्या सालाबद्दल एक इशारा. केनरच्या पायावर १९७७ असेल तर तो बाहुला १९७७ चा असेलच असं नाही. ते साल हक्कांचं, बनवल्याचं नव्हे. तोच साचा पुढे वर्षानुवर्षं चालला आणि साल तेच राहिलं. याउलट एखाद्या नगाच्या पायावर अक्षरांच्या जागी गुळगुळीत, किंचित खोलगट डाग दिसला, जणू कोणी ओल्या मातीवरून अंगठा फिरवलाय, तर समजा की साचा उतरवणाऱ्याने मूळ कंपनीचं नाव बुजवलंय. हा डाग मला साल-ठिकाणापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. कार्ड जुनं की नवं हे ओळखायला अतिनील टॉर्चवर लोक फार भिस्त ठेवतात. नवा कागद त्याखाली निळसर चमकतो हे खरं, पण कागद पांढरा दिसावा म्हणून घालायची ती रसायनं १९५० च्या दशकापासूनच वापरात आहेत. त्यामुळे १९७० चं कार्डही चमकू शकतं. टॉर्चने संशय येतो, निकाल लागत नाही.

आता चिकट बाहुले. यात तुम्ही घाई करा, कारण इथे नुसता चिकटपणा नाही, संसर्ग आहे.

मऊ बाहुले बहुतेक पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी जात्याच कडक. त्याला वाकवण्याजोगं करायला तेलासारखं द्रव्य मिसळतात, बहुधा थॅलेट. काही वस्तूंत ते वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं असतं. ते प्लॅस्टिकशी रासायनिक बंधनाने जोडलेलं नसतं, नुसतं मुरलेलं असतं, आणि वर्षं गेली की बाहेर यायला लागतं. तोच तुमचा चिकट थर. त्यावर धूळ बसते, धूळ काळी पडते, माणूस घासायला जातो.

माझी चूक सांगते म्हणजे तुमची टळेल. माझ्याकडे कडक पॉलिस्टायरीनचं एक चंदेरी यान होतं, पंख रुंद, त्यावर एक मऊ अंतराळवीर उभा करून ठेवला होता. दिसायचं छान. दोन उन्हाळे तो तिथे उभा होता. एकदा धूळ पुसायला उचलायला गेले तर तो निघेना. जोर लावला, तेव्हा 'च्यक्' आवाज करून सुटला आणि पंखावर दोन बुटांचे ठसे राहिले, तळव्याच्या रेघांसकट, अर्धा मिलिमीटर खोल. त्याच्या पायातून पाझरलेल्या द्रव्याने खालचं पॉलिस्टायरीन विरघळवलं होतं. चंद्रावरच्या धुळीत उमटलेला १९६९ चा तो बुटाचा ठसा सगळ्यांनी पाहिलाय. माझ्याकडे त्याची घरगुती आवृत्ती आहे.

तेव्हा मऊ आणि कडक यांना आजच वेगळं करा. मऊ गड्यांना काचेवर किंवा काचेच्या बरणीत ठेवा, नाहीतर पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मवर, एकमेकांना न टेकवता, अंधाऱ्या थंड जागी. फोम नको, वर्तमानपत्र नको, साध्या पातळ पिशव्या नकोत. त्या पिशव्या ते द्रव्य शोषून घेतात आणि बाहुला आणखी लवकर कोरडा पडतो. धुवायचं तर कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा थेंब, मऊ ब्रश, आणि लगेच टिपून कोरडं. चिकटपणा काही महिन्यांनी परत येईल, तेव्हा परत धुवा. नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली घरात दुसऱ्या मजल्यावर ठेवा. त्यातलं अ‍ॅसिटोन पॉलिस्टायरीनला साखरेसारखं विरघळवतं.

तुमच्या मऊ गड्यांत मॅटेलचा मेजर मॅट मेसन असेल, १९६० च्या दशकातला तो सहा इंची चांद्रवीर, तर त्याचे गुडघे वाकवून बघायची हौस आवरा. आत तार आहे. ती प्रत्येक वाकवण्याला थोडी झिजते, आणि एक दिवस पाय लोंबतो. तो जसा उभा आहे तसाच राहू द्या, वय झालंय त्याचं. बॅटरीवर चालणारं काही असेल तर बॅटऱ्या आज काढा. पांढरी बुरशीसारखी पूड दिसली आणि बॅटरी अल्कलाइन असेल तर कापसावर व्हिनेगरचा थेंब घेऊन टिपा, मग कोरडं करा. पिवळ्या पडलेल्या पांढऱ्या यानाला पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवायची जी टूम आहे, ती माझ्या मते करू नका. पांढरं होतं खरं, पण पिवळेपणा पुष्कळदा परत येतो, आणि कधी डाग-डाग होऊन येतो. सत्तर वर्षांचा माणूस थोडा पिवळा दिसला तर दिसू दे.

घरात लहान मूल येत-जात असेल तर दीडशेही नग उंचावर. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाने वापरलेली प्लॅस्टिकची जुनी खेळणी तपासली, तर विशेषतः पिवळ्या, लाल आणि काळ्या रंगांच्या प्लॅस्टिकमध्ये शिसं, कॅडमियम अशी द्रव्यं सापडली. मोठ्यांनी हाताळून हात धुतले की झालं. पोरं चघळतात, ही अडचण आहे.

बायकोचं काय सांगू, विचारलंत. 'हे कुठवर' हा प्रश्न मी माझ्या घरीही ऐकलाय, आणि त्याचं उत्तर वर्षांत द्यायचं नसतं, लांबी-रुंदीत द्यायचं असतं. "या कपाटाच्या बाहेर एकही नग येणार नाही, नवा आला तर जुना जाईल," असं सांगा आणि पाळा. बहुधा तिचा आक्षेप अंतराळवीरांना नसून जेवणाच्या टेबलावर सुकत ठेवलेल्या अंतराळवीरांना आहे. आणि पैशाचा हिशोब लपवत असाल तर तेवढं आधी मिटवा. वही करणारच आहात, त्यात किमतीचाही रकाना ठेवा आणि वही तिला दिसेल अशी ठेवा.

आता तो मुलगा.

चाचणी पुन्हा करा म्हटलं ते यासाठी, की त्याच्याकडे जाताना तुमच्या हातात 'मला वाटतं' नको, 'मी हे बघितलं' हवं. चौघेही बुडबुडे काढून तरंगले, आवाज थप आला, नख उमटलं, तर त्याला फोन करा. मेसेज नको. मेसेजमध्ये माणूस लांबण लावतो आणि शेवटी माफी मागण्याऐवजी स्वतःची बाजू मांडून बसतो. फोनवर एवढंच: "तुला दिलेला आर्चरचा गडी ज्या पाचांतला होता, त्यातले माझ्याकडचे चारही पॉलिथीनचे निघाले. तुझाही बहुतेक तसाच असेल. मी तुला अस्सल म्हणून दिला, तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. तू घरी तपास, कसं ते सांगतो. नक्कल निघाली तर पैसे परत, गडी ठेवायचा की द्यायचा ते तू ठरव." आणि तिथे थांबा. 'मीही फसलोच की' हे एकदा आलं, पुरे झालं. दुसऱ्यांदा म्हणालात तर तो तुमचं सांत्वन करत बसेल आणि त्याचे पैसे तसेच राहतील.

पूर्ण रक्कम द्या, अर्धी नाही. तुम्हाला विकणाऱ्याकडे तुमचे पैसे मागायचे तर ते वेगळे मागा. दोन वर्षं झालीत, मिळेलच असं नाही, पण विचारायला हरकत नाही. त्याला लिहा, तरंगण्याचा व्हिडिओ जोडा. तोही कदाचित कोणाकडून अस्सल म्हणूनच घेऊन बसला असेल. त्याचं उत्तर येवो न येवो, मुलाचे पैसे त्यावर अडवून ठेवू नका.

तो रागावेल का? थोडा रागावू शकतो, आणि त्याला तो हक्क आहे. गटात ही गोष्ट पसरली तर काका मान हलवतील. हलवू देत. ज्याने स्वतःहून फोन करून पैसे परत दिले त्याच्याकडून पुढचा नग घ्यायला मी तरी मागेपुढे बघणार नाही. आणि एक शक्यता तुम्ही धरलेलीच नाही. तो म्हणेल, "राहू द्या काका, मला तो आवडतो." मग काचेच्या पेटीतल्या चिठ्ठीवरचं 'आर्चर' खोडून तिथे काय लिहायचं ते दोघांनी मिळून ठरवा. पैसे तरी परत द्याच. त्याने नकलेची जी काही किंमत होईल ती द्यावी.

राहिले हिरवे सहाजण. त्यांना पुढच्या फळीवर आणा. चिठ्ठीवर 'नक्कल' लिहा, खाली आत्याचं नाव आणि अंदाजे साल. आणि आणताना जरा उलटे करून भिंगाखाली तळवे बघा. नुसतं 'हाँगकाँग' आहे, 'एम्पायर मेड' आहे, की तो अंगठा फिरवल्यासारखा डाग? सहाही सारखे आहेत का, की एखाद्याच्या पाठीवर जास्तीचं काही आहे? मला उंची मिलिमीटरमध्ये कळवा. माझ्या तिघांच्या घराण्यातला कोणी चुलतभाऊ निघतो का ते बघायचंय.

— ताई